नवं काय आलं ते कळलं, काढलं काय?

नोकियाचा 'एन ८००' टॅबलेट तुम्ही कधी हातात घेतलाय? शार्पचा 'झौरस'? पामचा 'टंगस्टन ई'? नसणारच. ही सगळी आपण बालवाडीतही नव्हतो तेव्हाची, खिशात मावणारी यंत्रं. दुकानातून जाऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली. पण डिसेंबर २०२४पर्यंत ती एका ठिकाणी चालू होती. 'क्यूएमू' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्या महिन्यात क्यूएमूची ९.२ ही आवृत्ती आली आणि एका दमात बारा यंत्रं यादीतून गेली. त्यांच्यासोबत 'क्रिस' नावाचं प्रोसेसरचं एक अख्खं घराणंही गेलं.

तुम्ही म्हणाल, गेली तर गेली, आपल्याला काय त्याचं? थोडं थांबा. ती कशी गेली, ते बघण्यासारखं आहे. कारण आपल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, आपल्या सिलॅबसमध्ये जे कधीच जात नाही, किंवा जातं तेव्हा कोणाला न सांगता जातं, त्याचं उत्तर मला या यादीत सापडतंय.

हे क्यूएमू म्हणजे काय?

नाव ऐकलं नसेल, पण वापरलं असण्याची शक्यता भरपूर. अँड्रॉइड स्टुडिओमध्ये अ‍ॅप तपासायला स्क्रीनवर जो खोटा फोन उघडतो ना, तो क्यूएमूच्याच कोडवर उभा आहे. मॅकवर 'यूटीएम'मधून विंडोज किंवा लिनक्स चालवणारा एखादा मित्र असेल, तर त्याच्याकडेही पडद्यामागे हेच. क्लाऊडवर भाड्याने मिळणारे कित्येक सर्व्हरही याच्याच जिवावर चालतात.

क्यूएमू हे एम्युलेटर आहे. म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा प्रोसेसर आहे आणि तुम्हाला मोबाइलच्या एआरएम प्रोसेसरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम चालवायचाय. दोघांची भाषा वेगळी. क्यूएमू मध्ये दुभाषा म्हणून बसतं. एआरएमच्या सूचना घेतं, इंटेलला कळतील अशा करून देतं. एकदा केलेलं भाषांतर लक्षातही ठेवतं, म्हणजे तोच तुकडा परत आला की पुन्हा मेहनत नको. फक्त प्रोसेसरच नाही, तर त्याच्या भोवतीचा मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड, सगळ्याचं सोंग ते वठवतं. आतल्या सॉफ्टवेअरला पत्ताही लागत नाही की आपण खऱ्या यंत्रावर नाही.

फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने २००३मध्ये याची सुरुवात केली. व्हिडिओच्या दुनियेत सगळीकडे वापरलं जाणारं 'एफएफएमपेग' सुरू करणाराही हाच माणूस. आज क्यूएमू जगभरातले लोक मिळून सांभाळतात, ते फुकट आहे आणि त्याचा कोड कोणीही वाचू शकतं. वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात. वर्षातली पहिली एप्रिलमध्ये, शेवटची डिसेंबरमध्ये.

सगळे 'नवीन' वाचतात

९.२मध्ये नवीन गोष्टी होत्याच. त्यातली सगळ्यात जास्त चर्चा झाली ती रस्ट या भाषेची. क्यूएमू आजवर मुख्यतः सी भाषेत लिहिलं गेलं. या आवृत्तीत पहिल्यांदा रस्टमध्ये लिहिलेल्या उपकरणाला जागा मिळाली. तीही चाचणीपुरती आणि मुद्दाम चालू केली तरच. सुरुवात केली ती एका साध्या सीरियल पोर्टपासून. व्हर्च्युअल ग्राफिक्स कार्डला वल्कनचा आधार मिळाला. अ‍ॅमेझॉनच्या क्लाऊडमधल्या 'नायट्रो एन्क्लेव्ह' या बंदिस्त वातावरणाची नक्कल आली. त्याआधी एप्रिल २०२४च्या ९.० आवृत्तीत रास्पबेरी पाय ४ आला होता.

या गोष्टींच्या बातम्या होतात, यूट्यूबवर व्हिडिओ होतात. फोनवर अपडेट आलं की आपणही 'नवीन काय' एवढंच बघतो. तेही बघितलं तर! पण क्यूएमूच्या कागदपत्रांत दोन पानं अशी आहेत, ज्यांचा व्हिडिओ कोणी करत नाही. एक, 'लवकरच जाणार' अशा गोष्टींचं. दुसरं, 'गेलेल्या' गोष्टींचं. आणि माझ्या मते प्रत्येक आवृत्तीत सगळ्यात जास्त शिकण्यासारखी पानं हीच.

कारण तिथे लिहिलेलं असतं, ही कोणत्या आवृत्तीत 'जाणार' म्हणून जाहीर झाली किंवा कोणत्या आवृत्तीत गेली, का, आणि शक्य असेल तिथे तिच्याऐवजी काय वापरायचं.

त्या बारा यंत्रांचंच बघा. त्यात पाच झौरस होते. त्यांची टोपणनावं अकिता, बोर्झोई, स्पिट्झ, टेरियर, टोसा. सगळ्या कुत्र्यांच्या जाती! कारणही सरळ लिहून टाकलं होतं. या यंत्रांच्या चिप्सची नक्कल करणारा कोड फार जुना झालाय, तो सांभाळायला कित्येक वर्षांत कोणी पुढे आलेलं नाही आणि त्याच्यामुळे बाकीच्या कोडमधल्या सुधारणा अडून राहिल्यात. पामच्या टंगस्टन ई-चं कारण वेगळं होतं. ते यंत्र नीट चालतंय की नाही हे तपासायला लागणारं सॉफ्टवेअर ना टीमकडे होतं, ना ते कोणाकडे आहे याची त्यांना माहिती होती. गंमत म्हणजे टंगस्टन ई-च्याच चिप-घराण्यातला सीमेन्सचा 'एसएक्स १' हा फोन मात्र यादीत राहिला. म्हणजे वयावरून कोणाला काढलं नाही. तपासता येत नाही, सांभाळायला कोणी नाही, दुसऱ्याची वाट अडतेय, अशी कारणं बघून काढलं.

क्रिसचंही तसंच. स्वीडनच्या अ‍ॅक्सिस या कंपनीने आपल्या नेटवर्क कॅमेऱ्यांसारख्या उपकरणांसाठी केलेला हा प्रोसेसर. लिनक्सने त्याचा आधार २०१८मध्येच काढून घेतला होता. त्याच्यासाठीचा कंपायलर सहज मिळेनासा झाला. तपासणार कशावर?

न काढल्याने काय होतं?

'राहू दे की, कोणाचं काय बिघडतंय?' असं आपण घरातल्या माळ्यावरच्या सामानाबद्दल म्हणतो. सॉफ्टवेअरमध्ये बिघडतं.

मे २०१५मध्ये क्यूएमूमधलं एक भगदाड उघडकीला आलं. 'व्हेनम' या नावाने ते गाजलं. एका सर्व्हरवर अनेकांचे व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालतात ना, त्यातल्या एका कॉम्प्युटरमधून बाहेर पडून खाली असलेल्या खऱ्या यंत्रापर्यंत पोचण्याची वाट त्या भगदाडातून मिळू शकत होती. म्हणजे तुम्ही लॉजमध्ये एक खोली घेतली आणि भिंतीतल्या फटीतून मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरलात, तसं. क्लाऊड कंपन्यांची धावपळ झाली.

हे भगदाड कुठे होतं? फ्लॉपी डिस्कच्या कंट्रोलरमध्ये! आपल्यापैकी बऱ्याच जणांना फ्लॉपी माहितीये ती फक्त 'सेव्ह'च्या चिन्हामुळे. तो सदोष कोड २००४पासून तिथे होता. अकरा वर्षं. काही ठिकाणी तर फ्लॉपी ड्राइव्ह बंद करून ठेवली, तरी आतला कोड चालूच राहायचा. 'व्हेनम' हे नाव ज्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून केलं, त्यातल्या एकाचा अर्थच मुळी 'दुर्लक्षित' असा आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फ्लॉपी क्यूएमूमधून अजूनही गेलेली नाही. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्यांना ती लागते, म्हणून ती ठेवलीये आणि सांभाळलीये. इंटेलच्या १९९६च्या चिपसेटवर बेतलेला पीसी तर आजही क्यूएमूमध्ये आहे आणि धडधाकट आहे. त्यामुळे 'जुनं ते सगळं फेका' असं मी म्हणत नाहीये. ठेवायचं तर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. लक्ष ठेवणारं कोणी नसेल, तर जाहीरपणे निरोप द्यायला हवा. कोणी बघत नाही आणि कोणी काढतही नाही, अशी जी मधली अवस्था असते, ती सगळ्यात धोक्याची.

निरोप द्यायची रीत

क्यूएमूचा नियम साधा आहे. एखादी गोष्ट काढायची ठरली की आधी ती 'जाणार' म्हणून जाहीर होते. त्या आवृत्तीत आणि पुढच्या एका आवृत्तीत ती चालू राहते. त्यानंतर ती कधीही काढली जाऊ शकते. ती बारा यंत्रं एप्रिल २०२४च्या आवृत्तीत 'जाणार' म्हणून जाहीर झाली आणि डिसेंबरमध्ये गेली. मधल्या काळात कोणालाही हात वर करून म्हणता येतं, 'मला हे लागतं, मी सांभाळतो.' तसं कोणी म्हणालं आणि खरंच काम केलं, तर गोष्ट वाचू शकते.

आणि गेली म्हणजे नष्ट झाली असंही नाही. जुन्या आवृत्त्या डाऊनलोडला असतातच. कोणाला एन ८०० वर संशोधन करायचं असेल, तर त्याने ९.१ घ्यावी. संग्रहालय उघडंच आहे, फक्त रोजच्या वर्कशॉपमधलं ते टेबल हलवलं.

याहून मला आवडलेली गोष्ट पुढची. समजा, एखाद्या बँकेने २०२०मध्ये क्यूएमूवर व्हर्च्युअल कॉम्प्युटर उभा केला. नंतर क्यूएमूची नवी आवृत्ती टाकली आणि आतला मदरबोर्ड बदलला, तर आतलं विंडोज गोंधळून जाईल. म्हणून क्यूएमू यंत्रांवर आवृत्तीचा शिक्का मारून ठेवतं. २०२०च्या शिक्क्याचं यंत्र मागितलं, की नव्या क्यूएमूमध्येही ते तेव्हासारखंच वागतं. पण हा शिक्काही अमरपट्टा नाही. तीन वर्षं झाली की त्यावर 'जाणार'ची खूण, सहा वर्षं झाली की रजा. सगळ्यांना आधीपासून माहिती.

जुन्या पॅटर्नच्या मुलांचा विचार, तोही तारखेसकट. ओळखीचं वाटतंय ना?

आता आपल्या लॅबमध्ये या

आपल्याकडे कितीतरी कॉलेजांत पहिल्या वर्षाला सी किंवा सी++ च्या प्रॅक्टिकलला एक निळी स्क्रीन उघडते. टर्बो सी++. बोरलँड कंपनीची ही ३.० आवृत्ती १९९१ची. आजच्या ६४ बिटच्या विंडोजवर ती सरळ चालतच नाही. मग ती चालते कशी? एम्युलेटरमध्ये! 'डॉसबॉक्स' नावाच्या. जुने डॉसचे गेम खेळता यावेत म्हणून लोकांनी आवडीने तयार केलेलं सॉफ्टवेअर आपण अभ्यासक्रम चालवायला वापरतोय. तुमच्या कॉलेजात हे बंद झालं असेल तर मनापासून अभिनंदन. झालं नसेल, तर पुढचं तुमच्यासाठी.

सी++ भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक आलं १९९८मध्ये. टर्बो सी++ त्याच्या सात वर्षं आधीची. त्यामुळे तिला नेमस्पेस माहीत नाही, बूल हा साधा प्रकार माहीत नाही, आज सी++ ज्याच्याशिवाय कोणी लिहीत नाही ती स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी माहीत नाही. तिच्यात पूर्णांक १६ बिटांचा. ३२,७६७ मध्ये एक मिळवला की उत्तर थेट उणे ३२,७६८. घरी लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम वेगळं उत्तर देतो आणि पोरं चक्रावतात. 'आयोस्ट्रीम डॉट एच', 'व्हॉइड मेन', सुरुवातीला क्लीअर स्क्रीन आणि शेवटी गेटसीएच, हे आपण मंत्रासारखं पाठ करतो. आजच्या जी++ कंपायलरला तो प्रोग्रॅम दिला की पहिल्याच ओळीला एरर.

यात नुकसान कोणाचं? ज्याच्या घरी लॅपटॉप आहे, चांगलं नेट आहे, ज्याने बाहेर क्लास लावलाय, तो आजची सी++ कुठून तरी शिकून घेतो. ज्याच्यासाठी कॉलेजची लॅब हीच एकमेव लॅब आहे, तो मुलगा किंवा मुलगी तीन वर्षांनी प्लेसमेंटच्या कोडिंग टेस्टला बसते आणि पहिल्याच ओळीला अडते. तिचं लॉजिक बरोबर असतं. तिला शिकवलेलं यंत्रच आता अस्तित्वात नसतं. न काढलेल्या गोष्टीची किंमत नेहमी अशी सगळ्यात मागच्या बाकावरच्याला मोजावी लागते. म्हणून हा विषय मला फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा वाटत नाही.

'पाया पक्का होतो' वगैरे

यावर पहिलं उत्तर ठरलेलं, 'जुनं शिकलं की पाया पक्का होतो.' पाया पक्का व्हायलाच हवा. पण पाया म्हणजे विचार. कंपायलर हा पाया नाही.

एक उदाहरण देते. १९७५ साली युनिक्सची सहावी आवृत्ती आली. ती चालायची पीडीपी-११ या तेव्हाच्या यंत्रावर. ऑपरेटिंग सिस्टिम आतून कशी चालते हे शिकायला ती उत्तम, कारण छोटी आणि स्वच्छ. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ती वर्गात शिकवली जायची. २००६मध्ये त्यांनी काय केलं? पीडीपी-११ला चिकटून राहिले नाहीत. त्या युनिक्सची रचना घेतली, ती नव्या सीमध्ये, तेव्हाच्या चालू प्रोसेसरवर पुन्हा लिहिली. तिचं नाव 'एक्सव्ही ६'. पुढे रिस्क-फाइव्ह हा खुला प्रोसेसर पुढे आला, तेव्हा ती त्यावर नेली. आणि मुलं ती चालवतात कशावर? क्यूएमूवर! आपल्या पवईतल्या आयआयटी मुंबईतही ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना एक्सव्ही ६ वापरलं गेलंय.

आता दोन्ही बाजूला ठेवून बघा. दोन्हीकडे एम्युलेटर आहे, दोन्ही फुकट आहेत. एकीकडे विचार जुना ठेवून यंत्र नवं घेतलं. दुसरीकडे यंत्र जुनं ठेवलं आणि विचार जर्नलमध्ये उतरवून काढण्यापुरता राहिला.

दुसरं उत्तर, 'लॅबमधले पीसी जुने आहेत.' जीसीसी हा फुकटचा कंपायलर दहा वर्षं जुन्या पीसीवरही आरामात चालतो. उलट एकाच पीसीमध्ये क्यूएमू टाकलं, तर विकत न घेता कितीतरी बोर्ड मिळतात. आयआयटी मद्रासच्या 'शक्ती' या भारतीय प्रोसेसरचा बोर्डसुद्धा क्यूएमूच्या यादीत आहे. मायक्रोप्रोसेसरच्या तासाला १९७८चा ८०८६ शिकवा, तो समजायला सोपा आहे. पण त्याच आठवड्यात 'शक्ती'वर चार ओळी चालवून दाखवायला एक रुपयाही लागत नाही.

तिसरं उत्तर मात्र खरं आहे, आणि ते टाळून चालणार नाही. शिकवणाऱ्यांकडे वेळ नाही. तासिका तत्त्वावर काम करणारे सर किंवा मॅडम दोन-तीन कॉलेजांत धावपळ करत शिकवतात. त्यांनी नवी प्रॅक्टिकल्स तयार करायची कधी? नोट्स जुन्या, जर्नल जुनं, एक्स्टर्नललाही तेच अपेक्षित. इथे क्यूएमूच्या यादीतला तोच प्रश्न येतो, सांभाळणार कोण? तो मान्य करायलाच हवा. पण क्यूएमूने त्याचं उत्तर 'म्हणून आहे तसंच राहू दे' असं दिलं नाही. सांभाळायला माणसं थोडी आहेत, म्हणून तर काही गोष्टी काढायच्या. जे काढाल, तेवढा वेळ जे राहील त्याला मिळतो.

अचानक काढणंही नको

आपल्याकडे दुसरी तऱ्हाही आहे. वर्षानुवर्षं काहीच बदलत नाही आणि मग एका जूनमध्ये सगळंच बदलतं. 'पॅटर्न बदलला.' नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर हे आपण जवळून बघतोय. ज्याची जुन्या पॅटर्नची केटी राहिलीये, त्याला विचारा. माझा पेपर अजून किती वेळा होणार? याच्या बदल्यात कुठला विषय धरणार? ऑफिसच्या खिडकीवर उत्तर मिळतं, 'सर्क्युलर आलं की सांगू.'

काहीच न काढणं आणि न सांगता काढणं, या एकाच सवयीच्या दोन बाजू आहेत. दोन्हीत कारण सांगायची जबाबदारी कोणी घेत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक अभ्यास मंडळाने नव्या सिलॅबससोबत एक जादा पान छापावं. काय काढलं, का काढलं, त्याच्याऐवजी काय, आणि जुन्या विद्यार्थ्यांची सोय कोणत्या तारखेपर्यंत. आणि आणखी एक, पुढच्या दोन वर्षांत काय 'जाणार' आहे त्याची यादी. त्यावर शिक्षकांना हरकत घेता येईल, नोट्स बदलायला वेळ मिळेल, विद्यार्थ्यांना तयारी करता येईल. एखाद्या मॅडमना वाटलं की अमुक प्रकरण जायला नको, तर त्या ते नव्याने लिहून वाचवू शकतील. जगभर विखुरलेले लोक एका फुकटच्या सॉफ्टवेअरसाठी हे वर्षातून तीनदा करतात. आपली विद्यापीठं पाच वर्षांतून एकदा करू शकत नाहीत?

तुम्ही काय करू शकता?

एक, तो फॉर्म. नॅकसाठी कॉलेज दरवर्षी सिलॅबसबद्दल आपला अभिप्राय घेतं. आपण सगळीकडे 'गुड', 'व्हेरी गुड' करून मोकळे होतो, कारण कॅन्टीनला जायचं असतं. या वेळी सूचनेच्या रकान्यात तीन ओळी लिहा. अमुक काढा, या कारणासाठी काढा, त्याऐवजी हे आणा. नुसतं 'सिलॅबस जुना आहे' लिहिलं तर तो कागद कपाटात जातो. कारण आणि पर्याय लिहिला आणि वर्गातल्या चाळीस जणांनी तेच लिहिलं, तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागेल.

दोन, स्वतः करून बघा. लॅबमध्ये किंवा मित्राच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल, तर क्यूएमू आणि एक्सव्ही ६ एका शनिवारी उभं करून बघा. पहिल्यांदा अडेल. काय अडलं ते लिहून ठेवा. तुमच्या कॉलेजातल्या पुढच्या बॅचसाठी तीच पहिली प्रॅक्टिकलची नोट होईल, आणि ज्या सरांना वेळ नाही त्यांचं निम्मं काम झालेलं असेल.

तीन, कुठल्याही सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की 'नवीन काय'च्या खाली जा. 'काढलं काय' ते वाचा. तिथे कारण लिहिलेलं असेल, तर ती माणसं भरवशाची समजा. कारण नसेल, तर विचारा. कंपनीला विचारा, कॉलेजलाही विचारा. आपल्या नावावर काय शिकवलं जातं, हे विचारायचा हक्क आपल्याला आहेच. ते कधी बंद होणार, हे विचारायचाही आहे.